आधी बैठक, मग यंत्र

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'गावाच्या विकासात माजी विद्यार्थ्यांचं योगदान'. योगदान हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पावतीपुस्तक बाहेर येतं, आणि यंदा ते आलेलंच आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या चार महिन्यांत नऊ लाख चाळीस हजार रुपये जमले. इतकी रक्कम जमेल असं सुरुवातीला कोणालाच वाटलं नव्हतं. ज्यांनी हजार दिले आणि ज्यांनी लाख दिले, त्या सगळ्यांचं मनापासून कौतुक.

पैसे कशासाठी वापरायचे यावर तीन सूचना आल्या. शाळेला कमान बांधायची, संगणक कक्ष करायचा, किंवा शाळेमागच्या ओढ्याचं जेसीबी लावून खोलीकरण करायचं. ग्रुपवरचा कौल बघितला तर ओढा बऱ्याच मतांनी पुढे आहे. पाण्याचाच विषय घ्यावा असं मलाही वाटतं. मार्चनंतर शाळेच्या टाकीत पाणी नसतं, मुली घरून बाटली आणतात आणि दुपारनंतर ती संपते. हे आपल्या वेळी होतं आणि आजही आहे.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. ग्रुपवर आपण ११२ जण. त्यात सतत लिहिणारे दहा-बारा, आणि ते पुण्यात, नाशकात, मुंबईत किंवा परदेशात राहणारे. मीही त्यातलीच. गावात राहणारे आपले तीस-एक वर्गमित्र फारसं लिहीत नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांच्यापैकी एकानं एकच ओळ लिहिली. त्याची साडेतीन एकर जमीन ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. त्यानं विचारलं, "वर खोल केल्यावर खालच्या विहिरींचं काय?"

त्या ओळीला चौदा अंगठे आले. उत्तर एकही आलं नाही. दोन मिनिटांनी कमानीच्या डिझाइनचे फोटो यायला लागले.

आज माझं बोलणं त्या एका प्रश्नाभोवतीच राहणार आहे. कारण तो पाण्याइतकाच माणसांचाही प्रश्न आहे, आणि आपण एकत्र येऊन गावाचं काही भलं करणार असू तर त्यातूनच जावं लागेल.

आधी थोडं गणित. गणिताचे सर समोर बसले आहेत, चुकले तर थांबवा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे साधारण एक मोठा टँकर. चारशे मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर चारशे टँकर पाणी आभाळातून येतं, फुकट. आपल्या शाळेच्या छताचं क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर धरा. त्यावर चारशे मिलिमीटर म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटर. त्यातलं वीस टक्के उडालं, सांडलं असं धरलं तरी एक लाख ब्याण्णव हजार लिटर उरतं, म्हणजे एकोणीस टँकर. हे पाणी आज पन्हाळीतून खाली पडतं, मैदानातून वाहतं आणि मागच्या ओढ्याला मिळतं.

तेव्हा आपल्या भागात पाऊस कमी पडतो हे खरं असलं, तरी तेवढंच खरं नाही. पडलेलं पाणी कुठे थांबतं, थांबलं तर कोण उपसतं आणि किती, हे ठरवलेलं नसतं. पाणी थांबवण्याचं काम यंत्र करू शकतं. किती उपसायचं ते यंत्राला ठरवता येत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. आपण तिसरी-चौथीच्या सुमारास, १९८९ साली, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम. कॉम. झालेला तरुण, क्रिकेट खेळणारा. गावातल्या तरुणांनी गळ घातली म्हणून उभा राहिला. तेव्हाचं हिवरे बाजार म्हणजे दुष्काळ, दारू आणि भांडणं. निम्मं गाव कामासाठी बाहेर. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ पासून काम करत होते, ते समोर होतं. आपण नववीत होतो तेव्हा, १९९४-९५ च्या सुमारास, हिवरे बाजार आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडं लावली गेली. त्यातलं बरंचसं काम रोजगार हमीतून झालं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे. सहली गेल्या आहेत, बसमधून उतरून आपण स्वच्छ रस्ते बघितले आहेत. पण पुन्हा एकदा त्या गावाची पंचसूत्री आठवा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाचांतलं एकच सूत्र सांगतं की काहीतरी करा. बाकीची चार सांगतात, थांबा.

श्रमदान सोपं आहे असं मी म्हणणार नाही. उन्हात टिकाव मारून बघा म्हणजे कळेल. पण श्रमदानात सगळ्यांचं थोडं थोडं जातं. बंदीत कोणाचं तरी जास्त जातं. चराईबंदी केली की ज्याच्याकडे दहा शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्याच्या पोटावर येतं. गवत कापून न्यायचं, पण जनावरं सोडायची नाहीत, असा मार्ग काढावा लागतो. तो मार्ग ज्याच्या शेळ्या आहेत त्याला समोर बसवूनच निघतो. त्याच्या पाठीमागे केलेली बंदी पहिल्याच रात्री मोडते.

नंतर हिवरे बाजारानं आणखी एक अवघड गोष्ट केली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि उसासारखी पाणी खाणारी पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं. जमीन माझी, पैसा माझा, खाली पाणी आहे, तरी मी बोअर मारायचं नाही. कायद्यानं हे करून घेणं किती कठीण असतं ते आपण सगळीकडे बघतो. तिथं ते ग्रामसभेनं करून घेतलं.

आणि मग पाण्याचा ताळेबंद. मला माझ्या कामामुळे या गावातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजून गावाच्या हाती यंदा एकूण किती पाणी आहे याचा हिशेब मांडायचा. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. मघाच्या गणितानं चारशे मिलिमीटरला हे जवळजवळ ३९० कोटी लिटर होतात. त्यातलं बरंच वाहून जातं, उडून जातं, ते वजा करायचं. उरलेल्यातून पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा. मग राहील त्यात रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याचं पीक नाही. हा हिशेब फळ्यावर सगळ्यांसमोर मांडला जातो. त्यामुळे कोणी कोणाला "तू पाणी चोरलंस" म्हणण्याआधी दोघंही एकच आकडा बघतात.

मुंबई-पुण्याला गेलेली कितीतरी कुटुंबं त्या गावात परत आली. आपल्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांना परत आणण्याची मोहीम कोणी काढली नव्हती. गाव राहण्याजोगं झालं, म्हणून ते परत आले.

आता खालच्या विहिरींच्या प्रश्नाकडे येते. मी भूवैज्ञानिक नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण प्रश्न आल्यावर मी वाचलं, दोन जाणकारांशी बोलले, आणि जे समजलं ते सोप्या भाषेत सांगते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. विहिरीचं पाणी मुख्यतः त्या मुरमात आणि खडकाच्या फटींत असतं. ओढ्यातला गाळ काढला, योग्य ठिकाणी बेताचं खोल केलं, तर पाणी थांबतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरींना मिळतं. पण नुसतं खोल खोल करत गेलं, मुरमाचा थर पूर्ण कापला, तर उलटंही होऊ शकतं. काठच्या विहिरींकडे असलेलं पाणी पाझरून ओढ्यात उतरतं. आणि वरच्या उतारावर चर नसतील, झाडं नसतील, तर पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत येणारा गाळ तो खड्डा परत भरून टाकतो. म्हणून जाणकार सांगतात की काम माथ्यापासून पायथ्याकडे करा. आधी डोंगर, मग शिवार, आणि सगळ्यात शेवटी ओढा. आपण नेमकं शेवटच्या पायरीपासून सुरू करायला निघालो आहोत, कारण शेवटच्या पायरीचा फोटो चांगला येतो.

हा झाला खडकाचा भाग. माणसांचा भाग याहून महत्त्वाचा आहे. समजा सगळं शास्त्रशुद्ध झालं आणि ओढ्यात डिसेंबरपर्यंत पाणी उभं राहिलं. ते पाणी कोणाचं? काठावर ज्याची मोटर, त्याचं. पाच एचपीवाल्याचं तीन एचपीवाल्यापेक्षा जास्त. ज्याची जमीन काठाला नाही, त्याचं काहीच नाही. फेब्रुवारीत पुन्हा खडखडाट, आणि शाळेची टाकी पुन्हा कोरडी. आपल्या नऊ लाख चाळीस हजारांतून चार-पाच जणांचा कांदा भिजेल. त्यांना दोष देता येणार नाही. आपण पाणी साठवलं, पण नियम केला नाही.

हे मी नुसतं भीती घालायला सांगत नाही. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. खोलीकरण, बंधारे, शेततळी अशी लाखो कामं झाली, अनेक गावांना फायदाही झाला. पण २०२० साली कॅगनं जो अहवाल दिला, त्यात नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्याच्या उद्दिष्टात फारसं यश आलं नाही, असं म्हटलं आहे. सरकारकडे पैसा होता, यंत्रं होती, अधिकारी होते. आपल्याकडे त्याच्या तुलनेत चिमूटभर रक्कम आहे. तेव्हा सरकारला पैशानं जे साधलं नाही ते आपल्याला पैशानं साधेल, असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे दुसरं काहीतरी हवं.

ते दुसरं काय असू शकतं, हे पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत थोडं दिसलं. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोचली. पहिल्या वर्षी कोरेगावचं वेळू जिंकलं, २०१७ ला वर्ध्यातलं काकडदरा, २०१८ ला माण तालुक्यातलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शीजवळचं सुर्डी. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस गावांनी काम केलं, हे टीव्हीवर आपण पाहिलं. टीव्हीवर कमी दिसलं ते त्याआधीचं. गावातली काही माणसं, त्यात बायकाही, आधी प्रशिक्षणाला जायची. उतार कसा मोजायचा, चर कुठे घ्यायचा, माती कशी ओळखायची हे शिकून यायची. स्पर्धा सुरू होताना गावातल्याच चार-पाच जणांना काम समजत असायचं. बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरची वाट बघावी लागत नव्हती.

२०१८ च्या १ मेला शहरांतून हजारो लोक जलमित्र म्हणून श्रमदानाला गेले होते. माझ्या ऑफिसमधलेही गेले. दिवसभर घमेली उचलली, हाताला फोड आले, संध्याकाळी पिठलं-भाकरी खाऊन परत आले. चांगलं झालं, शहरातल्या माणसाला चर म्हणजे काय ते कळलं. पण तो एक दिवस होता. बाकीचे चव्वेचाळीस दिवस गावातली माणसं होती. आपण सगळे त्या एका दिवसाची माणसं आहोत. हे एकदा मान्य केलं की पुढचे बरेच वाद मिटतात.

आणखी एक गाव, पार दुसऱ्या टोकाचं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंड आदिवासींचं छोटं गाव. तिथं पाण्याऐवजी जंगलाचा विषय होता. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. देशात ज्या गावांना हे सर्वांत आधी मिळालं त्यांतलं हे एक. पण कायद्याचा कागद यायच्या आधी कितीतरी वर्षं त्या गावाला एक सवय होती. गावसभेत निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीनं घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा.

माझ्यासारखीला हे ऐकून आधी घाम फुटतो. आमच्याकडे अर्ध्या तासाची मीटिंग पस्तीस मिनिटं चालली तरी लोक घड्याळ बघतात. पण विचार केल्यावर पटतं. बहुमतात सत्तर जण जिंकतात आणि तीस हरतात. शहरातल्या निवडणुकीत ते चालतं, कारण हरलेले तीस कुठे राहतात ते कोणाला माहीत नसतं. गावात ते तीस शेजारी राहतात. बांध त्यांच्या शेतातून जातो. झाड त्यांच्या बकरीसमोर उगवतं. ते सोबत नसतील तर काम फार दिवस टिकत नाही, आणि टिकवायला पोलीस ठेवता येत नाही. बैठकीत जो वेळ जातो तो नंतर भांडणात जाणारा वेळ असतो, आधीच दिलेला.

माझ्या धंद्यातही हाच अनुभव आहे. प्रोग्रॅम लिहून पूर्ण झाला की टाळ्या वाजतात, केक कापतात. पण खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. पुढची दहा वर्षं तो चालू ठेवायचा, बिघडला तर रात्री दोनला उठून बघायचा, ज्यानं लिहिला तो सोडून गेला तरी दुसऱ्याला कळेल असं सगळं नोंदवून ठेवायचं. आमच्याकडे नवं काम सुरू करताना एक प्रश्न विचारायची पद्धत आहे, 'याचा मालक कोण?' पैसे देणाऱ्याबद्दल हा प्रश्न नसतो. बिघडलं तर फोन कोणाला जाणार, एवढंच विचारायचं असतं. ज्या कामाला असा मालक नाही ते आम्ही सुरूच करत नाही. खोल केलेल्या ओढ्यात पुढच्या वर्षी गाळ आला तर फोन कोणाला जाणार, हे मी ग्रुपवर शोधलं. सापडलं नाही.

शहरात राहणाऱ्यांनी हे सगळं 'गावाकडचं' समजू नये. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते तिथं ओल्या कचऱ्यासाठी खत करणारं महागडं यंत्र घेतलं होतं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि सहा महिन्यांत यंत्र बंद पडलं, कारण कचरा वेगळा होऊन येतच नव्हता. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं होतं, पण नियम पुस्तकात होता आणि प्लॅस्टिक बादलीत. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे, तिच्या ताई दारोदार येतात. मिसळलेला कचरा त्यांना हातानं वेगळा करावा लागतो. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं यावर एक वही घातली. रोज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना विचारायचं, आज किती घरांतून वेगळा आला, आणि तो आकडा लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहायचा. कोणाचं नाव नाही, दंड नाही, नुसता आकडा. चौऱ्याऐंशी घरांपैकी आधी एकवीस, मग तेहेतीस, मग साठाच्या पुढे. मग ते यंत्र दुरुस्त केलं आणि ते चालू आहे. काम वहीनं केलं असं मी म्हणणार नाही. पण वहीमुळे लोक लिफ्टजवळ थांबायला लागले, आणि थांबल्यावर बोलायला लागले.

आता आपल्या पैशांबद्दल माझं म्हणणं मांडते. पटलं नाही तर आज जेवताना मला भांडा, पण ग्रुपवर अंगठा देऊन सोडून देऊ नका.

एक. ओढ्याला यंत्र लावण्याचा निर्णय आज इथं घेऊ नये. टाळ्या वाजवून तर नकोच.

दोन. पहिला खर्च शाळेच्या छताचा करावा. पन्हाळी, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय, गाळणी आणि टाकी. या पाण्यावर कोणाचा वाद नाही, खालच्या विहिरींना धक्का नाही, आणि बाटली घेऊन येणाऱ्या मुलीला त्याचा थेट उपयोग आहे. टाकी कोण धुणार, गाळणी वर्षातून किती वेळा साफ होणार, हे मुख्याध्यापकांशी बसून आधी लिहून काढावं. मालक कोण, हा प्रश्न इथंही आहेच.

तीन. मोजायला सुरुवात करावी. शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवायचा. ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या मिळून दहा विहिरी निवडायच्या, ज्यात आपल्या त्या मित्राची विहीर असेल. महिन्यातून एकदा आठवी-नववीच्या मुलामुलींनी एका मोठ्या माणसाबरोबर जाऊन पातळी मोजायची. साहित्य काय, तर खुणा केलेली दोरी, तिला बांधलेलं वजन आणि वही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते; आपण आपल्या शिवाराच्या बारा वेळा मोजू. आकडे शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील. भूगोलाचे सर हसताहेत, म्हणजे त्यांना हे काम मिळालं असं मी धरते. एक पूर्ण वर्ष हे आकडे जमू द्यावेत. खाली काय होईल या प्रश्नाचं उत्तर त्याशिवाय कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, मीही नाही.

चार. मधल्या वर्षात भूवैज्ञानिकाला आणून ओढा आणि डोंगर दाखवावा. पाहणी करायला पैसे लागतात, ते आपल्या जमलेल्या रकमेतून द्यावेत. पाहणीत फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून त्यासाठी कोणी पैसे देत नाही. आपण द्यावेत.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ओढ्याचा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावानं मांडावा. त्याआधी महिलांची सभा होते, तिथंही मांडावा, कारण हंडा कोणाच्या डोक्यावर असतो ते आपल्याला माहीत आहे. वरच्या आणि खालच्या अंगाचे शेतकरी, जमीन नसलेले, शेळ्यावाले, सगळे समोर बसू देत. कितीला मोटर लावायची, कुठल्या महिन्यानंतर उपसा बंद, शाळेच्या आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला की नाही, हे तिथं ठरू दे. सहमती व्हायला एक सभा लागेल की चार, हे सांगता येत नाही. तोवर उरलेले पैसे बँकेत व्याज खात बसतील, त्यांना घाई नाही.

कोणी म्हणेल, गावात एवढं एकमत कधी झालंय? आपल्या गावात तर ग्रामसभेला कोरमही भरत नाही. खरं आहे. पण ग्रामसभेत लोक येत नाहीत याचं एक कारण असंही आहे की तिथं ठरवण्यासारखं काही नसतं. सगळं कुठेतरी आधीच ठरलेलं असतं. या वेळी आपण आधी ठरवून त्यांच्यासमोर ठेवलं, तर बाहेरचे लोक ठरवतात याचा आणखी एक पुरावा आपण देऊ. चांगल्या मनानं दिला, तरी पुरावाच.

एक साधी कायद्याची गोष्ट सांगून थांबते. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. आपल्यापैकी बहुतेकांची नावं आता पुण्याच्या, नाशिकच्या, ठाण्याच्या यादीत आहेत. २६ जानेवारीच्या सभेला आपण आलो तरी आपल्याला हात वर करता येणार नाही. मला आधी याचं थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, बरोबर आहे. उन्हाळ्यात इथं राहणार त्याचा हात वर जायला हवा. आपण मागच्या बाकावर बसू, शाळेत बसायचो तसे, आणि या वेळी लक्ष देऊन ऐकू.

मी त्या सभेला येणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं. पुण्याहून गाडीत तीन जणांची जागा आहे, आणि खालच्या अंगाच्या आपल्या मित्रानं सभेनंतर सगळ्यांना त्याची विहीर दाखवायचं कबूल केलं आहे.

सर, बाई, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात आम्ही तुमचं इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.